चार भाकऱ्या आणि एक दिवस : कळंब्याहून सुट्टीतल्या स्वस्त सहली



कारखान्याची धुराडी थंडावली, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावाला गेल्या, खोडव्यातलं पाचट आवरून पहिलं पाणी बसलं. पोरांच्या परीक्षा उरकल्या. आता रोहिणी निघेपर्यंत, म्हणजे २५ मेपर्यंत, आपल्याला थोडी उसंत आहे. एकदा रोहिणी निघाली की धूळवाफेची पेरणी, बी-बियाणं, खतं, आडसालीसाठी रानाची तयारी. मग दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नाही.

या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी आणि ठिबकाबद्दल लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ऊस उत्पादकाचं कुटुंब वर्षातून किती वेळा एकत्र घराबाहेर पडतं? हिशेब मांडून बघा. लग्न, बारसं, जत्रा, दवाखाना आणि मयत. यातलं एकही जाणं फिरण्यासाठीचं नाही. शहरातले लोक दोन-दोनशे मैलांवरून गाड्या करून आपला पन्हाळा आणि आपली अंबाबाई बघायला येतात, आणि कळंब्याच्या शिवारातल्या कित्येक घरांत पन्हाळ्याची तीन दरवाजाची कमान न बघितलेली सून असते. हे बरं नव्हे.

लोक म्हणतात, सहल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. त्याचाच हिशेब आधी करू.

तिकिटाचा हिशेब

एस.टी.च्या सवलती आपल्याला ऐकून माहीत असतात, पण एकत्र जोडून आपण त्यांच्याकडे बघत नाही. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या हद्दीत सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या पोरांना निम्मं, आणि पाचाच्या आतल्याला काहीच नाही.

आता आपलं सरासरी घर घ्या. कर्ता माणूस एक : पूर्ण तिकीट. कारभारीण : अर्धं. वडील अडुसष्ट वर्षांचे : अर्धं. आजी शहात्तर वर्षांची : मोफत. आठ आणि अकरा वर्षांची दोन पोरं : अर्धं-अर्धं. बेरीज करा. सहा माणसं आणि तीन तिकिटं! २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली होती. तोडणी-वाहतूक वजा केली तरी एका टनाच्या पैशात ही सहा माणसं राधानगरीला जाऊन येतात आणि निम्म्याहून जास्त पैसे खिशात उरतात. शेताच्या बांधावर वाढ्यासकट एवढा ऊस तर आपण पोरांना आणि बैलांना खायला घालतो.

म्हाताऱ्या माणसांचं आधार कार्ड बरोबर घ्यायला विसरू नका. कार्ड नसलं तर वाहक पूर्ण तिकीट मागणारच, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. जेवण घरचं घ्या. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दही. दूर जायचं असेल तर दुधातल्या दशम्या. त्या दुसऱ्या दिवशीही नरम राहतात. ताक आणि पाणी घरूनच भरून न्या. हॉटेलात सहा माणसांच्या जेवणाला जे लागतं ते वाचलं, की सहलीतला मोठा खर्च गेलाच.

धार कोण काढणार?

खरी अडचण पैशाची नाहीच. ती गोठ्यात आणि मोटारीच्या पेटीजवळ आहे. म्हशीची धार दोन वेळा काढायची, डेअरीला दूध घालायचं आणि लाईटच्या पाळीप्रमाणे उसाला पाणी पाजायचं. जनावराला रविवार नसतो. म्हणून होतं काय, की घरातलं कुणीतरी मागं राहतं. आणि हे "कुणीतरी" दरवर्षी तेच असतं. बहुतेक घरांत ती घरची बाई असते. "तुम्ही जावा, मी हाय गोठ्याकडं," असं ती म्हणते आणि आपण ते खरं मानून मोकळे होतो.

याला उपाय आपल्याच रिवाजात आहे. भांगलणीला, लावणीला आपण पैरा करतो. आज तुझ्या रानात माझी दोन माणसं, उद्या माझ्या रानात तुझी दोन. तोच पैरा सहलीला का करू नये? या गुरुवारी शेजारच्या घरानं तुमच्या म्हशीची धार काढावी, दूध घालावं, मोटार चालू-बंद करावी. पुढच्या गुरुवारी तुम्ही त्यांचं करावं. दोन घरं मोकळी होतात आणि खर्च शून्य. मात्र जनावराला परका हात चालतो का, ते आधी दोन दिवस बघून घ्या. काही म्हशी मालकिणीशिवाय पान्हा सोडत नाहीत. अशी म्हैस असेल तर अर्ध्या दिवसाची सहल काढा, सकाळची धार काढून निघा आणि संध्याकाळच्या धारेला परत या. तशीही ठिकाणं पुढं दिली आहेत. लाईटची दिवसपाळी कुठल्या आठवड्यात आहे ते पाहूनच दिवस धरा.

अर्ध्या दिवसाच्या सहली

पहिली सहल दारातच आहे. कळंबा तलाव संस्थानकाळात कोल्हापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी त्यात साठतं. सकाळी सहाला पोरांना घेऊन बांधावर या. पाण्यावरचे पक्षी त्या वेळेला दिसतात, ऊन चढलं की नाहीत. मग तिथून कात्यायनीच्या देवळाकडं निघा. डोंगराच्या कुशीत झाडी आहे, दर्शन घ्या, न्याहारी सोडा आणि दहा-अकरापर्यंत घरी परत या. तलाव कशानं भरतो, गाळ कुठून येतो आणि डोंगर उघडा पडला की पाणी का आटतं, हे पोराला तिथंच दाखवता येतं. वह्या-पुस्तकांपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

दुसरी सहल कणेरी मठाची. महामार्गाला लागून आत सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. बारा बलुतेदार, शेतीची कामं आणि जुना वाडा हे सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलेलं आहे. इथं आजी-आजोबांना जरूर न्या. लोहार, कुंभार आणि सुतार कसे काम करत आणि बलुतं कसं दिलं जाई, हे सांगायला तिथं वेगळा माणूस लागत नाही. नातवंडं विचारत राहतात आणि म्हातारी माणसं सांगत राहतात. घरी टी.व्ही.पुढं जी दोन पिढ्यांची बोलाचाल होत नाही ती इथं आपोआप होते.

तिसरी, कोल्हापूर शहर. आपण बाजाराला, कचेरीला आणि दवाखान्याला शंभरदा जातो, पण शहर बघायला जात नाही. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला. मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदानं तो काळ्या दगडात उभा केला. आत शाहू महाराजांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात तर फारच थोडे सभासद गेले असतील. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झालं. तिथं सापडलेल्या काशाच्या वस्तू इथं ठेवल्या आहेत. त्यांत ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी मूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठच्या गावाचा व्यापार समुद्रापलीकडच्या रोमशी जोडलेला होता, याचा हा पुरावा. पोरांना हे डोळ्यांनी बघू द्या. दुपार तिथल्या बागेतल्या झाडाखाली काढा, संध्याकाळी रंकाळ्यावर वारा खा आणि केएमटीनं परत या. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार टाळा.

एका पूर्ण दिवसाच्या सहली

पन्हाळा आणि जोतिबा ही जोडी एका दिवसात होते. पन्हाळ्याची मूळ बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याची, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पन्हाळा आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात इथूनच विशाळगडाकडं निघाले. बाजीप्रभूंनी खिंड लढवली. महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद हे गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे. त्यांचं नाव पोरांना आवर्जून सांगा. साध्या घरातला माणूस होता तो.

शेतकऱ्यानं पन्हाळ्यावर अंबरखाना नीट बघावा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत. भिंती जाड, वर कमानीचं छत, आणि छतातून धान्य ओतायला झरोके. वेढा पडला तर गडानं महिनोन् महिने टिकायचं, ते या कोठारांच्या जिवावर. अंधारबावही बघा. वरून साधी इमारत वाटते, आत खाली पाणी आणि मधल्या मजल्यावर बाहेर निसटायची वाट. दुपारी तबक उद्यानात भाकरी सोडा आणि मग जोतिबाला जा. चैत्र पौर्णिमेची यात्रा झाली की गर्दी ओसरते. रविवार सोडून गेलात तर म्हाताऱ्या माणसांनाही निवांत दर्शन होतं. सासनकाठीच्या गर्दीत ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हाच दिवस.

दुसरी सहल गारगोटी रस्त्याची. हा रस्ता कळंब्यावरूनच जातो, त्यामुळं शहरात जाऊन गाडी पकडायची गरज नाही. मुदाळ तिट्ट्याजवळ आदमापूरला बाळूमामांचं देवस्थान आहे. १९६६ साली मामांनी इथं देह ठेवला. मेंढरं राखणाऱ्या माणसाच्या मागं आज लाखो लोक येतात. अमावास्येला फार गर्दी असते, म्हणून दुसरा दिवस धरा. पुढं गारगोटीहून भुदरगडावर जाता येतं. हाही भोज राजाचाच किल्ला. माथ्यावर भैरवनाथाचं देऊळ आणि पांढुरक्या पाण्याचा दूधसागर तलाव आहे. गड फार चढायचा नाही, पण वर सावली कमी. सकाळी लवकर पोचा.

आपल्या पाण्याची वाट

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सहल. आपल्यातले अनेकजण भोगावती-पंचगंगेच्या पाण्यावर ऊस पिकवतात. मोटार चालू केली की पाटात पाणी येतं, एवढंच पोरांना दिसतं. ते पाणी येतं कुठून, हे न बघितलेलं पोर उद्या शेतीचं मालक होणार आहे. म्हणून तीन फेऱ्यांत त्याला त्या पाण्याची वाट दाखवा.

पहिली फेरी राधानगरीची. कोल्हापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर हे धरण बांधायला घेतलं आणि मुलगी राधाबाई हिच्या नावानं गाव वसवलं. महाराज १९२२ साली गेले. त्यांच्या हयातीत काम पुरं झालं नाही, ते स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात झालं. साठा सुमारे ८.३६ टी.एम.सी. धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडणारे सात स्वयंचलित दरवाजे हे याचं वैशिष्ट्य. पावसाळ्यात "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी ऐकून आपण नदीकाठच्या मोटारी वर काढतो, ते हेच दरवाजे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या काठावरून पोराला कळतं की आपण वर्षभरात किती पाणी प्यालो. भिंतीवर जाण्याची परवानगी असेल तिथपर्यंतच जा. वेळ आणि पैसा असेल तर पुढं दाजीपूर आहे. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल महाराष्ट्रातलं जुनं अभयारण्य. पावसाळ्यात ते बंद असतं, म्हणून मेच्या आतच जा. आपल्या नद्या वर्षभर वाहतात त्या या जंगलाच्या ओलीवर. गवा रानात येऊन ऊस खातो म्हणून आपण शिव्या देतो. त्याचं घर कसं आहे तेही एकदा बघावं.

दुसरी फेरी जवळची, प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच मिळून पंचगंगा होते, ती इथून पुढं. तिथून कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर या. पावसाळ्यात रोज आपण त्याची पातळी ऐकतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या महापुरात ती कुठल्या कुठं गेली, हे कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात त्याच ठिकाणी पोराला उभं करा आणि वर बोट दाखवून सांगा, "पाणी हितनं गेलं होतं." बरगे घालून पाणी अडवणारा हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुढं महाराष्ट्रभर गेला, हेही सांगा.

तिसरी फेरी नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्या, घाटावर बसा, बासुंदी किंवा कवठाची बर्फी घ्या. एवढा एक बाहेरचा खर्च चालेल. तिथून खिद्रापूरला कोपेश्वराचं शिलाहारांच्या काळातलं देऊळ. स्वर्गमंडपात ४८ खांब आणि छताच्या मधोमध गोल आभाळ उघडं. या देवळात महादेवासमोर नंदी नाही, पोरांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. भर उन्हातही दगडी मंडपात गारवा असतो.

आणि येता-जाता शिरोळ तालुक्यातली क्षारपड रानं बघा. पांढरी पडलेली, काही न उगवणारी जमीन. तीही एके काळी आपल्यासारखीच काळी, कसदार होती. निचरा न बघता वर्षानुवर्षं पाणी पाजत गेलं की काय होतं, ते तिथं दिसतं. काही रानांत जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालून ती पुन्हा पिकाखाली आणली आहेत, तीही बघा. देवदर्शन आणि शेतीशाळा एकाच तिकिटात. राधानगरीला पाणी किती कष्टानं साठतं ते बघितलं आणि शिरोळला ते जास्त झालं की काय करतं तेही बघितलं, तर घरी आल्यावर पाटाचं दार कधी मोडायचं हे पोराला वेगळं शिकवावं लागणार नाही.

काही गोष्टी कळकळीच्या

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं नेऊ नका. ट्रॉली उसाची आहे, माणसांची नव्हे. कायद्यानं त्याला बंदी आहे, अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो, आणि गेलेलं माणूस कुठल्याच दाव्यानं परत येत नाही. गावातली पाच-सहा घरं मिळून जाणार असाल तर एस.टी. करारावर मिळते, आगाराला आठ दिवस आधी विचारा.

पोहणारी पोरं जपा. दर उन्हाळ्यात तलावात, नदीत बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि बुडणारं पोर बहुधा पोहता येणारंच असतं. विहिरीत मुटके मारणाऱ्याला धरणाचा अंदाज असतोच असं नाही. खाली गाळ असतो, काठ एकदम खोल जातो, पाणी आत गार असतं. पाण्याजवळ एक मोठं माणूस फक्त पोरांवर नजर ठेवायला बसवा. मोबाईलवर फोटो काढणारं माणूस त्या कामाचं नाही.

वळवाचा भरवसा धरू नका. दुपारनंतर आभाळ भरून आलं तर गडावरून, उघड्या माळावरून खाली या. झाडाखाली उभं राहू नका. पहाटे निघून दुपारी तीनच्या आत परतीला लागणं हाच उन्हाळ्यातल्या सहलीचा नियम.

आणि शेवटचं. जेवलेली जागा होती तशी सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या परत आणा. कळंबा तलावाच्या काठावर टाकलेली पिशवी ओढ्याला लागते, ओढ्याची नदीला आणि नदीची आपल्याच मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला. त्यात अडकलेली पिशवी काढायला पाण्यात कोण उतरतं ते आपल्याला माहीत आहे.

सभासद बंधूंनो, आज संध्याकाळी जेवताना घरात एक प्रश्न विचारा. लांबचं नको, या लेखातल्या ठिकाणांपैकी कुणी काय बघितलं नाही? पोरं ओरडून सांगतील, म्हातारी माणसं आठवून सांगतील. पण जी काहीच न बोलता ताटात भाकरी वाढत असेल, तिला दुसऱ्यांदा विचारा. तिनं सांगितलेलं ठिकाण पहिलं ठरवा, आणि शेजारच्या घराशी धारेचा पैरा उद्याच पक्का करा. रोहिणीला अजून वेळ आहे.